कदम मॅडमचा होल्ड

आमच्या कंपनीत दोनच जाती. एक प्रॉडक्शन आणि दुसरी क्वालिटी. मी प्रॉडक्शनचा. माल आम्ही काढायचा, टार्गेटसाठी शिव्या आम्ही खायच्या, आणि संध्याकाळी गाडी भरायच्या ऐन वेळेला पांढरा कोट घालून कुणीतरी यायचं आणि म्हणायचं, थांबा. अठ्ठावीस वर्षं मी चाकणच्या या पट्ट्यात ब्रेकचे पिस्टन काढले. या "थांबा"इतका राग मला दुसऱ्या कशाचा आला नसेल. आणि आता ते म्हणणारी बाई शॉप फ्लोअरवर नाही, तर मला तिथं करमत नाही. आता बोला!

निर्मला कदम तिचं नाव. तोंडावर मी तिला "मॅडम, तुम्ही" म्हणायचो, मनात मात्र पहिल्यापासून "ती"च. मूळची परभणी जिल्ह्यातली, जिंतूरकडची. डिप्लोमा करून पोरगी इकडं आली, चिखलीला थोरल्या बहिणीकडं राहायला लागली आणि आमच्यात इन्स्पेक्टर म्हणून लागली. पुढं कंपनीनं पुण्याची भाषा शिकवली, इंग्रजीतून रिपोर्ट लिहायला शिकवलं, पण परभणी काही तिच्या तोंडातून गेली नाही. आम्ही "का" म्हणतो तिथं ती "काहून" म्हणायची. आणि तिच्या कामात दिवसभर दुसरं काही नव्हतंच. पीस खराब निघाला की काहून, त्याचं उत्तर दिलं की त्याला परत काहून. पाचव्या काहूनपर्यंत समोरचा माणूस रडकुंडीला यायचा. पोरांनी तिचं नावच काहून मॅडम पाडलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असं माझं मत आहे.

माझी आणि तिची पहिली खडाजंगी सांगतो. माझ्या एका लॉटमध्ये एक पीस ओरखडा पडलेला निघाला. एक! बाईंनी सगळ्या लॉटला लाल टॅग लावला, म्हणजे लॉट होल्डवर, जागचा हलवायचा नाही. गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि मी टेबलावर हात आपटून म्हणतोय, "मॅडम, एक पीस बाजूला काढा की! एकासाठी अख्खा लॉट अडवता?"

"एक सापडला म्हणून एकच हाय, असं तुमाला कोन सांगितलं? ओरखडा काहून पडला?"

"पीस एकमेकांवर घासले असतील."

"काहून घासले?"

"ट्रेमध्ये रबराची चटई नव्हती."

"काहून नव्हती?"

आता इथं मी सरकून माझ्या खुर्चीपुढं उभा राहिलो. कारण थंडीचे दिवस होते, फरशी गार पडायची, आणि ती चटई मी काढून माझ्या खुर्चीखाली पायाला घेतली होती. बाईंनी वाकून खुर्चीखाली बघितलं. मग शांतपणे फॉर्मवर मूळ कारण लिहिलं, "मुंगसे यांचे पाय." खोटं सांगत नाही, तसंच लिहिलं. तो फॉर्म मॅनेजरपर्यंत गेला, आणि महिनाभर जो तो येऊन माझे पाय बघायचा. आणि लॉट उलगडल्यावर तसे ओरखड्याचे आणखी पस्तीस-चाळीस पीस निघाले, हेही सांगायला हवं. बाई बरोबर होती. बहुतेक वेळा बरोबरच असायची, तोच तर वैताग होता.

दिसायला म्हणाल तर साधी. सावळी, उंची बेताची, कोट मापापेक्षा मोठा. पण एक नाद विचित्र. कंपनीच्या बसमधून उतरून गेटपर्यंत जेमतेम शंभर पावलं, तेवढ्यासाठी ती छत्री उघडायची. जानेवारीतसुद्धा. डोक्याला स्कार्फ, हातात मोजे, बाह्या मनगटापर्यंत. आणि जिथं म्हणून चकाकतं तिथं स्वतःचे गाल बघायची. बसच्या आरशात, कँटीनच्या ताटात, कधी तर पॉलिश केलेल्या पिस्टनमध्ये. आधी उजवा गाल, मग डावा, मग हाताच्या बोटांची पेरं एकेक दाबून बघायची. पोरं म्हणायची, मॅडम रंगाला फार जपतात. मीही त्यांच्यात दात काढले आहेत. त्याची आज लाज वाटते.

जेवायला मात्र ती आमच्या टेबलावर. क्वालिटीवाल्यांचं टेबल वेगळं असायचं, पण तिला तिथं गमायचं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि डब्याच्या झाकणात कांदा. चाकणच्या मार्केटला एवढे कांद्याचे ट्रक लागायचे, पण बाई कांदा गावाहून आणायची. "तुमच्या कांद्याला नुसतं पानी," म्हणायची. आमच्या तालुक्यात बसून आमच्या कांद्याला नावं ठेवायची हिंमत दुसऱ्या कुणाची झाली नाही. मी भांडायचो आणि भांडता भांडता तिच्या झाकणातला कांदा संपवायचो.

तिच्या त्या गाल बघण्याचा उलगडा झाला तो मंगलताईच्या वेळेला. मंगल म्हणजे तिची थोरली बहीण. तिला आधी नुसता थकवा असायचा. मग सांधे धरले. मग गालांवर, नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल चट्टे उठले. कुणी म्हणालं उन्हाची अ‍ॅलर्जी, कुणी म्हणालं उष्णता. दोनदा दिवस राहून गर्भ पडला, तिसऱ्या खेपेला सायली झाली. त्यानंतर पायांवर सूज आली, लघवीला फेस यायला लागला, तेव्हा कुठं तपासण्या होऊन नाव कळलं, ल्युपस. शरीराचे पहारेकरीच घरच्यांवर काठ्या उगारतात असा तो आजार. तोवर तो मूत्रपिंडात शिरला होता. मी दवाखान्यात डबा द्यायला दोन-तीनदा गेलो होतो. एकोणतीस वर्षांची बाई, पण चेहरा औषधांनी इतका सुजला होता की मला ओळखता आली नाही. तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून बरेच महिने हलला नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढं लागणार आहे.

मंगलताई गेली तेव्हा सायली दोन वर्षांची होती. मेहुण्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि पोरगी मावशीकडं राहिली. निर्मलानं चाकणला दोन खोल्या घेतल्या आणि आईला गावाहून आणलं. सव्वीस वर्षांची कुमारिका एका पोरीची आई झाली. कंपनीत तिनं कुणापुढं डोळ्यांतून टिपूस काढला नाही. फक्त महिनाभर लॉट फार अडवले. मी भांडलो नाही, असं तुम्हाला वाटेल. भांडलो. तिला तेच बरं वाटतंय हे मला कळत होतं.

आणि पुढच्या वर्षी मी तिला विचारलं.

विचारलं म्हणजे काय, मला कुठं बोलता येतं? इन्स्पेक्शनच्या खोलीत कुणी नव्हतं, मी दारातूनच म्हणालो, "मॅडम, सायलीला बाप लागंल ना? मी चालंल का?" घरी जातीवरून काय तमाशा होईल याचा विचार केला होता. आईशी भांडायची तयारीही केली होती.

तिनं हातातलं माप घ्यायचं गेज खाली ठेवलं. तिचे डोळे भरले होते, आणि तिला मी नको होतो असं तिथं काही दिसत नव्हतं. मग तिनं एक तपासणीचा कागद पालथा केला आणि त्यावर गोल काढले. आईचा गोल, खाली लिहिलं थायरॉइड. मावशीचा गोल, बोटं वाकडी, आमवात. मंगलचा गोल, आणि त्यावर फुली. मग स्वतःचा गोल. पर्समधून रक्ताचा रिपोर्ट काढून त्या गोलावर ठेवला. मंगलताईची जी तपासणी पहिल्यांदा झाली होती तीच तिनं गुपचूप स्वतःची करून घेतली होती. खाली पॉझिटिव्ह असं छापलं होतं.

"एकाच लॉटचे पीस हायत आमी, मुंगसे," ती म्हणाली. "एक खराब निघाला, दोन निघाले, तिसरा निघाला. मला अजून काही झालं न्हाई, म्हणून मी चांगली असं म्हनून पुढं पाठवू का? तुमच्या घरात? उद्या माज्या लेकराला दिलं तर? हा लॉट होल्डवर हाय."

मी म्हणालो, "बरं."

एवढंच. "बरं" म्हणालो आणि लाइनवर परत आलो. पुढं तीन वर्षं लग्न केलं नाही, आणि मित्रांत तेच मिरवत राहिलो, की मी थांबलो होतो. शेवटी आईनं जेवण सोडलं तेव्हा कडूस गावच्या शालनशी लग्न झालं. शालन शहाणी. कंपनीतल्या कुणीतरी तिच्या कानावर घातलंच होतं. पहिल्याच महिन्यात एकदा चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाली, "त्या मॅडमचं काय हाय ते एकदाच सांगा. परत म्हनून इचारनार न्हाई." मी सगळं सांगितलं. तिनं परत कधी काढलं नाही, उलट संक्रांतीला वाण घेऊन तीच त्यांच्या घरी जायला लागली. दोघींचं माझ्यापेक्षा बरं जमलं.

वर्षं कशी गेली ते काय सांगायचं? रोज सकाळी छत्री, रोज गाल, रोज बोटांची पेरं. आता मला कळायचं की ही बाई रोज स्वतःची तपासणी करतेय, आणि तपासणी चालू असेपर्यंत मी मान वळवून दुसरीकडं बघायचो. ती पास झाली की स्कार्फ सोडून म्हणायची, "चला, दाखवा काय काढलं रात्रपाळीनं." तीस झाली, पस्तीस, चाळीस झाली. आजार आला नाही. लग्नकार्याला बोलावलं तर हळदीकुंकवाच्या वेळेला मागं सरकायची. कुणाचं तान्हं मूल मांडीवर दिलं तर घट्ट धरायची आणि लगेच परत द्यायची. मंगलसाठी धावपळ करताना वाचून वाचून आजाराचं सगळं तिला पाठ झालं होतं. कुठल्या बाईचे सांधे सुजले की ती तिला बळंच डॉक्टरकडं पाठवायची. आमच्या पॅकिंगच्या दोन बायका अशा वेळेवर सापडल्या. त्यांतल्या एकीला खरंच ल्युपस निघाला. औषधं चालू आहेत, पोरंबाळं आहेत, आजही सेकंड शिफ्टला येते. ती समोर नांदत असूनही निर्मलाच्या मनात आलं नाही की आपलंही कुणाला तरी दाखवावं. दुसऱ्याचा माल दहा वेळा मोजणारी बाई, पण स्वतःचा रिपोर्ट एकदा वाचला तो वाचला.

सायली इंजिनियर झाली. हिंजवडीला लागली आणि तिथंच एक सांगलीकडचा मुलगा तिनं ठरवला. मुलगा चांगला, घर चांगलं. मुलाकडची मंडळी येऊन गेली. आणि चार दिवसांनी सायली रडत आमच्या दारात. शालननं पाणी दिलं, तेव्हा कुठं बोलली.

"काका, मावशीनं माझी ब्लड टेस्ट करून घेतली. पॉझिटिव्ह आली. मावशी म्हणते, लग्न थांबव. मला काही होत नाहीये काका, मी रोज पळायला जाते! तुम्ही सांगा ना तिला. ती तुमच्याशीच भांडते, म्हणजे तुमचंच ऐकते."

मी त्याच संध्याकाळी गेलो. निर्मला गॅसपुढं उभी होती, भात लागला होता तरी तिचं लक्ष नव्हतं. "मंगलची पोरगी हाय मुंगसे," म्हणाली. "मी पाठवली आन् उद्या मंगलसारखं झालं तर? मी कुनाला तोंड दावू?"

मी म्हणालो, "मॅडम, रिपोर्ट डॉक्टरला दाखवला का?"

"मला वाचता येतं की. पॉझिटिव्ह लिवलंय."

तेव्हा माझं टाळकं सरकलं. वीस वर्षांचा सगळा राग एकदम वर आला असेल. मी ओरडलो, "माझा पिस्टन अडवताना तीन सह्या घेता! पोरीचं आयुष्य एकाच सहीवर अडवता व्हय? दुसरी तपासणी कोण करणार?" तिची आई आतून बाहेर आली एवढा ओरडलो. पण ते तिला लागलं. कामाच्या भाषेत सांगितलेलं तिला लगेच लागायचं. गॅस बंद करून म्हणाली, "शनिवारी गाडी काढा."

सांधेवाताच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, चिंचवडला बसायच्या. सायली, निर्मला आणि मी. मोशीच्या पुढं नेहमीसारखं ट्रॅफिक अडकलं, दीड तास गेला. केबिनमध्ये जाताना निर्मला मला म्हणाली, "तुमी बी या. घाबरल्यावर मला अर्धंच ऐकू येतं."

डॉक्टरीणबाईंनी सायलीला नीट तपासलं. सांधे, तोंड, त्वचा, बीपी. लघवीचा रिपोर्ट बघितला. मग म्हणाल्या, "हिला काहीही झालेलं नाही."

"पण पॉझिटिव्ह हाय," निर्मला म्हणाली. "आन् आईला होता. आजीला थायरॉइड. आजीच्या बहिणीला आमवात. काहून मग?"

बाई हसल्या. त्यांना तो प्रश्न आवडलेला दिसला. म्हणाल्या, "आजार एका जनुकानं होत नाही हो. पुष्कळ जनुकं असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. थोडी आईकडून येतात, थोडी वडिलांकडून. म्हणून एखाद्या घरात कुणाला थायरॉइड, कुणाला सांधे, कुणाला ल्युपस असं दिसतं. धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे खरं. पण नुसत्या जनुकांनी भागत नाही. वरून ऊन लागतं, एखादं इन्फेक्शन लागतं, हार्मोन्स असतात, आणि बरंचसं आम्हालाही अजून ठाऊक नाही. जुळ्या बहिणी घ्या, अगदी एका बीजाच्या, जनुकं सगळी तीच. त्यांतल्या एकीला होऊन दुसरीला कधीच न झालेल्या कितीतरी असतात. पेशंटच्या बहिणी, मुली, यांतल्या बहुतेकींना हा आजार होत नाही."

"आन् ही तपासनी?"

"ही धडधाकट बायकांतही पॉझिटिव्ह येते. पेशंटच्या नात्यातल्या बायकांत तर जास्तच. लक्षणं नसतील तर हिच्यावरून काही ठरवायचं नसतं. मुळात उगाच करायचीच नसते."

"म्हंजे ह्या गेजवर माल रिजेक्ट करायचाच नव्हता," निर्मला हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना काही कळलं नाही. मला कळलं. आणि पुढं काय येणार तेही कळलं.

निर्मलानं पर्स उघडली. आतल्या कप्प्यातून घडी घालून घालून फाटायला आलेला कागद काढला आणि पुढं सरकवला. "आन् हा?"

बाईंनी चष्मा लावला. "हा तर सायलीपेक्षाही कमी आहे. कधीचा आहे हा? कुणाचा?"

"माजा."

"तुम्हाला काही त्रास?"

"न्हाई."

"कधीच?"

"कधीच न्हाई. रोज बघते."

"तेव्हा कुणाला दाखवला होता?"

"न्हाई."

बाई सहज म्हणाल्या, "मुलं किती तुम्हाला?" निर्मलानं तो कागद परत ओढून घेतला आणि त्याची घडी घातली. सायलीनं मावशीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि पोरीला त्या एका क्षणात सगळं समजलं असावं, कारण तिनं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरीणबाईंनीही चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी सायलीचं तेवढं सांगितलं. खुशाल लग्न कर. वर्षातून एकदा बीपी आणि लघवी तपास. सांधे सुजले, गालावर चट्टे आले, तोंडात फोड आले, पायावर सूज दिसली, तर अंगावर काढू नकोस. दिवस गेले की बाळंतपणाच्या डॉक्टरांना आईच्या आजाराचं आधी सांग.

सायली औषधाच्या दुकानात उगाचच रेंगाळली. आम्ही दोघं पार्किंगमध्ये गाडीपाशी उभे. दुपारचं ऊन होतं आणि तिनं छत्री उघडली नव्हती.

"मुंगसे," ती म्हणाली, "माज्या एकेका लॉटसाठी तुमी मॅनेजरपर्यंत भांडलात. आईमाईवरून शिव्या दिल्यात."

"दिल्या."

"मग त्याच दिवशी तुमी माजं काहून ऐकलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. तुमचा मान राखला म्हणून, असं म्हणता आलं असतं. इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो होतो. पण तिच्यापुढं मूळ कारण लपवून कधी चाललंय? मी म्हणालो, "घाबरलो होतो मॅडम. मंगलताईचा तो चेहरा बघितला होता. तुम्ही नाही म्हणालात, आणि मला वाईट वाटलं, देवाशपथ वाटलं, पण आत कुठंतरी सुटल्यासारखंही झालं होतं."

वाटलं, आता ही बाई माझ्याशी जन्मात बोलणार नाही. ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मी बी घाबरलेच होते. तपासनीचं नुसतं निमित्त." आणि मग ती रडली. वीस वर्षांत पहिल्यांदा, भर पार्किंगमध्ये, वॉचमन बघत असताना. मी रुमाल पुढं केला. तो ग्रीसचा होता. तिनं तोंड पुसलं आणि गालावर काळा पट्टा उठला. मला तिला ते सांगवेना.

सायलीचं लग्न झालं. त्याआधी निर्मला मुलाच्या आईवडिलांपुढं बसली आणि आई, मावशी, मंगल, सगळं एकेक करून सांगितलं, काही लपवलं नाही. मुलाची आई म्हणाली, "अहो, आमच्याकडं तीन पिढ्यांची साखर हाय. आमी कुटं सांगितलं तुमाला?" विषय तिथं संपला.

मग एका रविवारी निर्मला आमच्या घरी आली. स्कार्फ नाही, मोजे नाहीत. शालननं पोहे केले होते. पोहे खाता खाता ती शालनला म्हणाली, "वैनी, तुमच्या बघन्यात कुनी असंल तर सांगा. माज्यासाठी." शालननं पुढची बशी भरता भरता विचारलं, "वय किती चालंल?" दोघी भाजी निवडायला बसल्यासारख्या बोलत होत्या. मी उठून परसात गेलो आणि बादलीतलं पाणी कारण नसताना ओतून दिलं.

स्थळ शेवटी तिच्या गावाकडूनच आलं. सेलूच्या शाळेतले गुरुजी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा मोठा. ते चाकणला बघायला आले तेव्हा मुलीकडून बोलायला पुरुष माणूस नव्हता. भाऊ नाही, वडील कधीच गेलेले. बोललं कोण? मी. पांढरा शर्ट घालून मी मुलीकडचा म्हणून बसलो. गुरुजींना मी विचारलं, घर स्वतःचं का, पेन्शन किती, दारू-तंबाखू काही? माणूस सरळ निघाला. मी त्यांच्यात खोट शोधत होतो हे कबूल करतो. सापडली नाही. तिनं स्वतः त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मला बीपी आहे. आता या वयात कुणाला काय होईल याचा हिशोब कशाला?" ती त्यांच्याकडं बघून हसली. तसं हसताना मी तिला आधी पाहिलं नव्हतं.

राजगुरुनगरच्या नोंदणी कार्यालयात लग्न झालं. ती मोरपंखी साडीत, सत्तेचाळीस वर्षांची. साक्षीदार म्हणून मी, शालन आणि गुरुजींचे एक मित्र. क्लार्कनं फॉर्म पुढं केला. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, सही केली. क्लार्क म्हणाला, "काका, वधूशी नातं लिहायचं राहिलं."

पेन हातात धरून मी उभा राहिलो. मागं रांग होती. निर्मला शेजारीच उभी होती, तिला दिसत होतं. ती हळूच म्हणाली, "लिवा की मुंगसे, सहकारी." मी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

बाहेर गुरुजींची गाडी हारांनी सजवली होती, जास्त नाही, दोनच हार. ती मागं बसली, काच खाली केली, सायलीच्या गालावरून हात फिरवला, शालनचे दोन्ही हात हातात घेतले. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, काही म्हणेल. म्हणाली, "रात्रपाळीवर लक्ष ठेवा. नवी पोरगी घेतलीय माज्या जागी. तिला दरडावू नका." मी मान हलवली. गाडी चौकात वळेपर्यंत तिचा हात काचेबाहेर होता. पुढं ट्रकांत गाडी दिसेनाशी झाली.

आम्ही दोघं आमच्या गाडीत बसलो. चाकणकडं निघालो. मी गाडी नीट चालवत होतो, रस्त्यावर बघत होतो, गिअर टाकत होतो. शालन खिडकीतून बाहेर बघत होती. दोन-तीन मैल गेल्यावर, तोंड न वळवताच ती म्हणाली, "गाडी कडंला घ्या आन् रडून घ्या. घरी पोरांपुढं न्हाई यायचं तुमाला."

मी गाडी कडेला घेतली.